एक मे, सायंकाळी पावणेसहा

महाराष्ट्रातील शाळांचा वार्षिक निकाल एक मे रोजी लागतो आणि १९९४ साली तो दिवस रविवारी आला होता. सकाळी शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झाले, नववीचे प्रगतिपुस्तक हातात पडले, शेजारीपाजारी पेढे देऊन झाले आणि दुपारची जेवणे आटोपल्यावर माझे सारे लक्ष घड्याळाकडे लागले, कारण इटलीतील इमोला येथे होणारी सॅन मारिनो ग्रां प्री ही फॉर्म्युला वनची मोटारशर्यत आपल्या वेळेनुसार सायंकाळी साडेपाचला सुरू व्हायची होती. आमच्या घरी केबल नव्हती. समोरच्या काकांकडे होती आणि फॉर्म्युला वनची शर्यत असली, की ते स्वतः दारात येऊन ‘चल गं पोरी, तुझ्या गाड्या सुटायला लागल्यात बघ’ अशी हाक मारत असत.

त्या सायंकाळी पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, शर्यतीच्या सातव्या फेरीत, निळी-पांढरी विल्यम्स गाडी टॅम्बुरेल्लो नावाच्या डावीकडच्या वळणावर वळलीच नाही. ती सरळ गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. मोडलेली गाडी फरफटत येऊन थांबली, पिवळ्या हेल्मेटमधले डोके एकदा किंचित हलले आणि काका म्हणाले, ‘हलला, हलला. काही झालं नाही त्याला.’ मीही तेवढेच मनाशी घट्ट धरून बसले. बोलोन्याच्या रुग्णालयातून मृत्यू जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. आयर्टन सेना चौतीस वर्षांचा होता.

या गोष्टीला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात काका गेले, माझे वडील गेले, आणि त्या दुःखांशी या दुःखाची तुलना करावी असे मला मुळीच वाटत नाही. तरीही दर वर्षी एक मे रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास हातातले काम आपोआप थांबते. कधीही न भेटलेल्या, आपल्या भाषेचा एक शब्दही न जाणणाऱ्या, ब्राझीलमधल्या एका माणसासाठी कोल्हापूरच्या एका मुलीने आठवडाभर धड जेवू नये असे त्याच्यात काय होते, हे आज नीट लिहून काढावे असे वाटले.

अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, उद्यमनगरात छोटे वर्कशॉप होते. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि अण्णांसह तीन माणसे एवढाच पसारा. एका गिऱ्हाइकाने बांधाबांधीसाठी आणलेल्या रद्दीत परदेशी मोटार मासिकाचे एक पान त्यांना सापडले आणि ते त्यांनी मला आणून दिले. त्या पानावर पिवळ्या हेल्मेटवर हिरवा आणि निळा पट्टा असलेल्या एका ड्रायव्हरचे छायाचित्र होते. हेल्मेटच्या फटीतून फक्त त्याचे डोळे दिसत होते. ते डोळे कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. पुढे कुठेतरी, आपल्याला न दिसणाऱ्या एखाद्या बिंदूवर ते खिळलेले होते. लेथवर शेवटचा हात मारताना अण्णा जॉबकडे जसे पाहत, अगदी तसे. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

त्याच्या बहुतेक मोठ्या पराक्रमांच्या वेळी मी फार लहान होते. १९८४ साली मोनॅकोच्या पावसात टोलमनसारखी दुय्यम गाडी घेऊन तो पुढे त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी ठरलेल्या अलाँ प्रोस्टच्या अगदी जवळ पोहोचला आणि शर्यत मध्येच थांबवल्यामुळे दुसरा आला, हे मी पुढे वाचले. पुढच्या वर्षी पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे, पुन्हा पावसातच, त्याने पहिला विजय मिळवला. १९८८, १९९० आणि १९९१ अशी तीन जगज्जेतेपदे त्याने मॅक्लारेनकडून जिंकली. एकूण ४१ विजय आणि ६५ वेळा पहिल्या क्रमांकावरून सुरुवात, हे आकडे मला आजही तोंडपाठ आहेत. पण आकड्यांवर कोणी जीव लावत नाही.

माझा जीव जडला तो १९९१ च्या ब्राझीलच्या शर्यतीची हकिकत वाचून. मायदेशात जिंकणे त्याला तोवर एकदाही साधले नव्हते. साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर तो आघाडीवर असताना गिअरबॉक्स बिघडू लागला, एकेक गिअर निकामी होत गेला आणि अखेरच्या फेऱ्या त्याने फक्त सहाव्या गिअरवर काढल्या. वरून पाऊस सुरू झाला. ज्याने दुचाकीवरून का होईना, घाटातल्या वळणावर चुकून वरच्या गिअरमध्ये गाडी राहिल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला यातील हाल थोडेफार कळतील. रेषा ओलांडल्यावर त्याच्या खांद्यांना आणि पाठीला असे पेटके आले होते, की त्याला गाडीतून बाहेर येण्यासाठी मदत लागली, आणि विजयमंचावर करंडक वर उचलताना त्याचे हात थरथरत होते.

प्रत्यक्ष पडद्यावर मी पाहिलेली सर्वांत थोर फेरी मात्र १९९३ च्या एप्रिलमधील, इंग्लंडच्या डॉनिंग्टन पार्कची. रस्ता ओला होता. सुरुवातीलाच सेना पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला आणि त्यानंतर त्याने एकेक करून शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट यांना मागे टाकले; पहिली फेरी संपली तेव्हा तो सर्वांच्या पुढे होता. इतर ड्रायव्हर पाण्याला बिचकून जो रस्ता सोडून देत होते, नेमक्या त्याच ठिकाणी त्याच्या चाकांना पकड सापडत होती. काका तेव्हा चहाचा कप हातात तसाच धरून उभे होते. शर्यत संपेपर्यंत दुसऱ्या आलेल्या डेमन हिलखेरीज बाकी सर्वांना त्याने किमान एका फेरीने मागे टाकले होते.

तो सर्वगुणसंपन्न होता असे मी म्हणणार नाही. १९९० मध्ये जपानच्या सुझुका येथे पहिल्याच वळणावर त्याने प्रोस्टच्या गाडीवर आपली गाडी घातली, दोघेही बाहेर पडले आणि त्यामुळे जगज्जेतेपद सेनाला मिळाले. ते मुद्दाम केले होते हे पुढच्या वर्षी त्याने स्वतःच कबूल केले. आदल्या वर्षी त्याच सर्किटवर त्याच्यावर अन्याय झाला होता असे त्याचे म्हणणे होते आणि ते बऱ्याच अंशी मला पटतेही. पण तेवढ्या वेगात दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याची ही बाजू झाकून ठेवली, तर ते प्रेम खरे राहत नाही असे मला वाटते.

त्याची दुसरी एक बाजू मात्र मी जास्त जवळची मानते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधील स्पा येथे सराव चालू असताना फ्रान्सचा एरिक कोमा हा ड्रायव्हर ब्लँशिमाँच्या अतिवेगवान वळणावर आदळला आणि बेशुद्ध पडला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहिला होता आणि इंजिन किंचाळत होते. मागून येणाऱ्या सेनाने आपली गाडी थांबवली, तो बाहेर उतरला आणि इतर गाड्या येत असताना भर रस्त्यावरून धावत कोमाकडे गेला. आधी त्याने इंजिन बंद केले, कारण इंधन सांडले असते तर एका ठिणगीने सगळे पेटले असते. मग वैद्यकीय पथक येईपर्यंत कोमाचे डोके दोन्ही हातांनी सरळ धरून तो उभा राहिला. मान हलू द्यायची नाही, एवढे त्याला माहीत होते; फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांच्याशी त्याची मैत्री होती आणि अपघातानंतर पहिल्या मिनिटांत काय करावे हे तो त्यांना विचारत असे. हे चित्रण मी पुढे अनेकदा पाहिले आहे. त्यात तो धावतो तेव्हा त्याची धाव जरा अवघडलेली दिसते, कारण रेसिंगच्या त्या पोशाखात आणि बुटांत कोणालाच नीट धावता येत नाही. जगातला सर्वांत वेगवान माणूस तिथे पायी, जड पावलांनी, दुसऱ्यासाठी पळत होता.

इमोलाचा तो आठवडाच वाईट होता. शुक्रवारी सेनाचा तरुण देशबांधव रुबेन्स बारिकेल्लो याची गाडी हवेत उडून कठड्यावर आदळली. तो थोडक्यात बचावला. शनिवारी पात्रता फेरीत ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झेनबर्गर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगात असताना त्याच्या सिमटेक गाडीचा पुढचा पंख निखळला आणि व्हिलनव्ह वळणावर तो भिंतीवर आदळून मरण पावला. ग्रां प्रीच्या दिवसांत ड्रायव्हरचा मृत्यू होण्याचा प्रसंग १९८२ नंतर आलेला नव्हता. सेना लगेच अपघातस्थळी गेला आणि नंतर वैद्यकीय केंद्रातही पोहोचला. तिथे वॉटकिन्स यांनी त्याला खरे काय ते सांगितले आणि तो त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. तू तीन वेळा जगज्जेता झाला आहेस, आता हे सोडून दे, मीही सोडतो आणि आपण दोघे मासे पकडायला जाऊ, असे वॉटकिन्स त्याला म्हणाले. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, मला थांबता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

रविवारी सकाळच्या सरावात त्याने फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी आपल्या फेरीचे वर्णन रेडिओवरून केले आणि त्यात आपला मित्र अलाँ याला नमस्कार सांगितला. आम्हाला तुझी उणीव भासते, असे तो म्हणाला. प्रोस्ट तेव्हा निवृत्त होऊन समालोचन करत होता. इतक्या वर्षांचे वैर असे एका वाक्यात संपले.

शर्यत सुटतानाच एक गाडी जागच्या जागी बंद पडली, दुसरी तिच्यावर आदळली आणि मोडतोडीचे तुकडे प्रेक्षकांत जाऊन पडले. अपघातानंतर सर्वांचा वेग आवरून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे संथ फेऱ्या झाल्या. पाचवी फेरी संपताना ती बाजूला झाली, सेनाने मागे शूमाकरला ठेवून एक पूर्ण फेरी घेतली आणि पुढच्या फेरीत टॅम्बुरेल्लो आले. ताशी सुमारे तीनशे दहा किलोमीटर वेगाने गाडी रस्ता सोडून गेली. दोन सेकंदांहूनही कमी वेळात त्याने ब्रेक लावून वेग सुमारे शंभर किलोमीटरने कमी केला, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत तो शुद्धीवर होता आणि लढत होता. भिंतीवर आदळल्यावर उजवे पुढचे चाक मागे फेकले गेले आणि सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेट भेदून आत शिरला. तसे झाले नसते तर कदाचित तो चालत बाहेर आला असता, असे अनेक जाणकार म्हणतात. हे वाक्य मला कधीही नीट वाचता आलेले नाही.

यानंतर जे घडले ते मला फार उशिरा कळले. शर्यत थांबवण्याचा लाल झेंडा दाखवलेला असताना गोंधळात एक गाडी पिटमधून, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यातून, बाहेर सोडली गेली. वाटेतले कर्मचारी जिवाच्या आकांताने हात हलवून तिला थांबवत होते आणि ती गाडी टॅम्बुरेल्लोपाशी, डॉक्टरांच्या आणि मदतगाड्यांच्या अगदी जवळ, येऊन थांबली. ती गाडी एरिक कोमाची होती. स्पाच्या रस्त्यावर सेनाने ज्याचे डोके हातांत धरले होते, तोच माणूस वीस महिन्यांनी सेनापासून काही पावलांवर उभा होता आणि त्याला करण्यासारखे काहीही उरले नव्हते. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा कोमा तीत उतरला नाही. त्या मोसमानंतर तो फॉर्म्युला वनमध्ये परतलाच नाही.

टॅम्बुरेल्लोच्या भिंतीबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. १९८९ साली गेर्हार्ट बर्गर याची फेरारी त्याच वळणावर आदळून पेटली होती. पुढे बर्गर आणि सेना दोघे चालत तिथपर्यंत गेले, भिंतीपलीकडे डोकावले आणि त्यांना खाली सान्तेर्नो नदी वाहताना दिसली. मागे नदी आहे, तर भिंत मागे सरकवता येणार नाही, असे म्हणत दोघे परतले. आपल्यापैकी एखादा इथे मरणार, असेही त्यांच्यात बोलणे झाल्याचे बर्गरने पुढे सांगितले आहे. भिंत सरकवता येत नसेल तर वळणाचा वेग कमी करता येतो, ही गोष्ट काही अवघड नव्हती. १९९५ मध्ये तिथे उलटसुलट वळणे घालून तेच केले गेले. एक वर्ष आधी ते करण्यास काय हरकत होती?

अपघाताच्या कारणावर इटलीच्या न्यायालयात अनेक वर्षे खटला चालला आणि अखेर कोणालाही शिक्षा झाली नाही. सरकारी पक्षाचा भर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. कॉकपिटमध्ये हातांना जागा अपुरी पडते अशी सेनाची तक्रार होती, म्हणून मूळ दांडा कापून त्यात कमी व्यासाची नळी जोडली होती, आणि अपघातानंतर दांडा तिथेच तुटलेला सापडला. आधी तुटला की आदळल्यामुळे तुटला, यावर आजही एकमत नाही. सेफ्टी कारमागे टायर थंड होऊन गाडी खाली बसली आणि तळ रस्त्याला घासून ती निसटली, असे मानणारेही पुष्कळ आहेत. गाडीचे आरेखन करणारे एड्रियन न्यूई यांनी पुढे लिहिले, की गाडीचा मागचा भाग आधी निसटला असावा, मात्र तो दांडा सदोष होता आणि गाडीवर चढायलाच नको होता.

ही दांड्याची बातमी मी अण्णांना वाचून दाखवली होती. त्यांनी काही न बोलता टेबलावरचा एक शाफ्ट उचलला आणि जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथल्या खांद्यावर अंगठा ठेवला. ‘इथं काटकोन ठेवला की तडा इथनंच जातो. म्हणून इथं रेडियस द्यायचा असतोय. दिसायला एवढंसं काम, पण माणूस त्याच्यावर बसलेला असतोय,’ एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी तो शाफ्ट माझ्या हातात दिला. खांद्यावरची ती गोलाई माझ्या बोटाला लागली. अण्णांनी फॉर्म्युला वनची एकही शर्यत कधी पूर्ण पाहिली नाही, पण सेनाच्या मृत्यूबद्दल मला सर्वांत खरे वाटलेले बोलणे त्यांचेच होते.

ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. पाच मे रोजी साओ पावलोत अंत्ययात्रा निघाली आणि शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये प्रोस्ट, बर्गर आणि ब्राझीलचाच जुना जगज्जेता ड्रायव्हर एमर्सन फिटिपाल्डी होते. जुलै महिन्यात ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक चौथ्यांदा जिंकला तेव्हा खेळाडूंनी मैदानावर सेनाच्या नावाचा फलक धरला. त्याच वर्षी त्याच्या बहिणीने, विव्हियाने, मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाची संस्था उभी केली; त्याविषयी तो तिच्याशी आधीच बोललेला होता.

त्या आठवड्यात अण्णांनी दोन-तीन वर्तमानपत्रे आणून दिली होती. त्यातील एका पानावर सेनाचे मोठे छायाचित्र होते आणि त्याच्याखाली एका कोपऱ्यात रात्झेनबर्गरबद्दल चार ओळी होत्या. मी कात्री घेऊन छायाचित्र कापले आणि नववीच्या भूगोलाच्या वहीत चिकटवले. कात्री त्या चार ओळींमधून गेली होती. चिकटवून झाल्यावर पाहिले, तर छायाचित्राच्या खालच्या कडेला ‘रोलंड रात्झे’ एवढीच अक्षरे उरली होती. उरलेले नाव आणि सगळी बातमी केरात गेली होती. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. वही अजून माझ्याकडे आहे आणि आता ती उघडली, की आधी ती कापलेली अक्षरेच दिसतात. सेनाच्या मोडक्या गाडीत ऑस्ट्रियाचा गुंडाळलेला झेंडा सापडला होता. शर्यत जिंकल्यावर तो झेंडा फडकवून रात्झेनबर्गरला निरोप द्यायचे त्याने ठरवले होते, हे कळल्यापासून ती अक्षरे मला जास्तच बोचतात. ज्याच्यासाठी मी रडत होते, तो स्वतः त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी तरी रडून आलेला होता.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त इटलीला जाण्याचा योग आला तेव्हा एक दिवस राखून ठेवला आणि बोलोन्याहून रेल्वेने इमोलाला गेले. सर्किटला लागून असलेल्या बागेत, टॅम्बुरेल्लोच्या आतल्या बाजूला, सेनाचा ब्राँझचा पुतळा आहे. तो मान खाली घालून बसलेला आहे. जिंकलेल्या माणसाचा आविर्भाव त्यात कुठेही नाही. समोरच्या जाळीवर ब्राझीलचे झेंडे, उन्हाने विटलेल्या टोप्या, मुलांनी काढलेली चित्रे आणि नाना भाषांतल्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. एका चिठ्ठीवरची शाई पावसाने पूर्ण धुऊन गेली होती, तरी कोणीतरी तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्याने घालून पुन्हा बांधले होते. मी घरून अण्णांच्या वर्कशॉपमधला एक लहान, खांद्याला गोलाई दिलेला पितळी तुकडा आणला होता. तो पुतळ्यापाशी, फुलांच्या मागे, ठेवला.

मग रस्त्याच्या कडेकडेने व्हिलनव्ह वळणाच्या दिशेने चालत निघाले. बाजारातून घेतलेला लाल-पांढरा-लाल झेंडा माझ्या पिशवीत होता. वळण दिसू लागले तेव्हा तिथल्या जाळीवर मला काहीही बांधलेले आढळले नाही. झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर मी आधीच देवनागरीत पूर्ण नाव लिहून ठेवले होते. वारा सुटला होता म्हणून चारही कोपरे बांधले, गाठी दोनदा ओढून पाहिल्या आणि बोलोन्याची परतीची गाडी पकडायला स्टेशनकडे निघाले.